बीजगणितकार भास्कराचार्य

मांजरा आणि कागिणा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या बिदर-कलबुर्गी परिसराने दख्खनच्या इतिहासातील अनेक राजधान्या पाहिल्या. कागिणेच्या काठचे मळखेड हे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. आजचे बसवकल्याण हे उत्तरकालीन चालुक्यांचे कल्याण. पुढे बहमनी राजवटीत प्रथम गुलबर्गा आणि नंतर बिदर ही नगरे वैभवाला चढली. सिंहासने आली आणि गेली, किल्ल्यांचे बुरूज ढासळले. परंतु या भूमीशी जोडला गेलेला विद्येचा एक धागा मात्र तुटला नाही. तो धागा गणिताचा होय. शाळेच्या फळ्यावर वर्गसमीकरण सोडविणारा या सीमाभागातील विद्यार्थी, मग तो मराठीत शिकत असो वा कन्नडमध्ये, नकळत त्याच धाग्याला हात लावीत असतो. या परंपरेचे सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांच्या आधी सुमारे तीनशे वर्षे, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्याच्या आरंभी त्याने अमोघवर्ष नृपतुंग या राष्ट्रकूट सम्राटाचे गुणगान केले आहे. हा अमोघवर्ष मान्यखेटाचा स्वामी. महावीराचार्यांच्या ग्रंथात उंटांच्या कळपाचे एक सुंदर उदाहरण आहे. कळपाचा चौथा भाग अरण्यात दिसला, कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगरउतारावर गेले आणि पंधरा उंट नदीकाठी उरले. तर कळप केवढा? उत्तर छत्तीस. नऊ अरण्यात, बारा डोंगरावर, पंधरा नदीकाठी. ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हेही महावीराचार्यांनी स्पष्ट सांगून ठेवले. त्याच शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी आपला ग्रंथ लिहीत होता. त्या ग्रंथाच्या नावातूनच पुढे ‘अल्जिब्रा’ हा शब्द युरोपात गेला. बगदाद आणि मान्यखेट यांच्यामध्ये सागर पसरला होता, पण दोन्हीकडे एकाच कोड्याची उकल चालली होती.

अशा या परंपरेत शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. आपल्याकडील प्राचीन ग्रंथकार स्वतःविषयी सहसा मौन पाळतात. भास्कराचार्यांनी मात्र आपला जन्मशक, ग्रंथरचनेच्या वेळचे वय, गोत्र, पिता आणि गाव यांची नोंद स्वतःच्या ग्रंथात करून ठेवली आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. पिता महेश्वर हे नामांकित विद्वान व ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले, त्रैविद्य विद्वानांचे आणि सज्जनांचे नगर होते, असे त्याचे वर्णन केले आहे. हे विज्जडविड कोणते, या प्रश्नाने पुढील आठ शतके विद्वानांना गुंतवून ठेवले.

भास्कराचार्य जन्मले तेव्हा कल्याणच्या सिंहासनावर सहावा विक्रमादित्य होता. याच राजाच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली; त्याचा पुत्र सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. भास्कराचार्यांच्या प्रौढपणी कल्याणचे राज्य कलचुरी बिज्जलाच्या हाती गेले आणि त्याच नगरीत महात्मा बसवेश्वरांनी समाजजीवन ढवळून काढले. दक्षिणेच्या या घडामोडीच्या काळात भास्कराचार्यांचे चित्त ग्रहांच्या गतीत आणि संख्यांच्या स्वभावात रमलेले होते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. यांतील ‘लीलावती’ हा अंकगणिताचा आणि क्षेत्रगणिताचा भाग. व्यापार, व्याज, सोन्याचा कस, धान्याची रास, विहिरीची खोदाई अशा नित्याच्या व्यवहारातील उदाहरणांनी तो भरलेला आहे. त्यातच हंसांचे थवे, कमळावरील भुंगे आणि अर्जुनाचे बाण येतात. कर्णाशी युद्ध करताना अर्जुनाने घेतलेल्या बाणांपैकी अर्ध्या बाणांनी कर्णाचे बाण तोडले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे रोखले, सहा बाणांनी शल्याला, तिहींनी छत्र, ध्वज व धनुष्य आणि एकाने मस्तक छेदले. बाण शंभर, हे उत्तर मिळविण्यासाठी विद्यार्थ्याला वर्गसमीकरणच सोडवावे लागते. पण ते सोडविताना आपण रणांगणावर उभे आहोत असे त्याला वाटत राहते. शिक्षकाची ही हातोटी दुर्मीळ आहे.

‘लीलावती’ या नावाभोवती एक करुण कथा गुंफली गेली आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या; तिच्या विवाहाचा एकच शुभमुहूर्त होता. तो साधण्यासाठी आचार्यांनी घटिकापात्र मांडले. कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या लीलावतीच्या अलंकारातील एक मोती त्यात पडला, पात्राचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. दुःखी कन्येचे नाव अजरामर करण्यासाठी पित्याने ग्रंथास ते दिले, अशी ही कथा. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. त्यांच्यानंतर चार शतकांनी अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. ग्रंथात सखी, बाला, मृगाक्षी अशी गोड संबोधने आहेत. त्यांतून कोण्या विद्यार्थिनीचे चित्र उभे राहते, एवढे खरे. कथेची सत्यता बाजूला ठेवली, तरी तिच्यामुळे गणिताचे एक पुस्तक घराघरांत पोहोचले, हे तिचे मोठेच उपकार होत.

भास्कराचार्यांच्या प्रतिभेचे खरे दर्शन घडते ते ‘बीजगणित’ या भागात. अज्ञात राशीला ते यावत्तावत् म्हणतात आणि ‘या’ या अक्षराने दर्शवितात. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या तर पुढील राशींना काळा, निळा, पिवळा, तांबडा अशा रंगांची नावे मिळतात. ज्ञात संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप. वर्ग दाखवावयाचा तर ‘व’ जोडावयाचा. संख्या ऋण असली तर तिच्या माथ्यावर एक टिंब. आज विद्यार्थी क्ष आणि य लिहितो, तेव्हा तो हेच करीत असतो; केवळ अक्षरे बदलली आहेत.

ज्या समीकरणात अज्ञाताचा वर्ग, स्वतः अज्ञात आणि ज्ञात संख्या अशी तीन पदे असतात, त्यांत अडचण मधल्या पदाची असते. ते पद नसते, तर वर्गमूळ काढून उत्तर तत्काळ मिळाले असते. म्हणून मधल्या पदाचा निरास करण्याची युक्ती हेच वर्गसमीकरणाचे मर्म, आणि म्हणूनच त्या प्रकरणाचे नाव ‘मध्यमाहरण’. दोन्ही बाजूंत अशी संख्या मिळवावयाची की एक बाजू पूर्ण वर्ग होईल. मग दोन्हीकडची वर्गमुळे घ्यावयाची. उरते ते साधे एकघाती समीकरण.

आचार्यांनी दिलेले वानरांचे उदाहरण या रीतीवर पुरेसा प्रकाश टाकते. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात आनंदाने खेळत आहे आणि उरलेले बारा वानर टेकडीवर परस्परांना साद घालीत आहेत. तर एकूण वानर किती? कळप ‘या’ मानला, तर त्याच्या वर्गाचा चौसष्टावा भाग आणि बारा यांची बेरीज ‘या’इतकी होते. चौसष्टाने गुणून मांडणी केली म्हणजे ‘या’चा वर्ग उणे ६४ ‘या’ बरोबर उणे ७६८ असे समीकरण मिळते. ६४ चे अर्धे ३२. त्याचा वर्ग १०२४ दोन्ही बाजूंत मिळविला. डावीकडे ‘या’ उणे ३२ याचा पूर्ण वर्ग झाला आणि उजवीकडे २५६ उरले. २५६ चे वर्गमूळ १६. येथेच साधा विद्यार्थी थांबेल: ३२ आणि १६ मिळून ४८, उत्तर मिळाले. आचार्य थांबत नाहीत. धन संख्येची वर्गमुळे दोन, एक धन आणि एक ऋण, हा नियम त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितलेला आहे. म्हणून ३२ मधून १६ वजा करूनही पाहावयाचे, उत्तर १६. ४८ वानर असतील तर आठवा भाग सहा, त्याचा वर्ग छत्तीस, अधिक बारा मिळून ४८. सोळा असतील तर आठवा भाग दोन, वर्ग चार, अधिक बारा मिळून १६. दोन्ही उत्तरे खरी. एका प्रश्नाला दोन निर्दोष उत्तरे असू शकतात, हे कोवळ्या मनाला चकित करणारे सत्य वानरांच्या खेळातून असे सहज उलगडते.

त्याच प्रकरणात वानरांचे दुसरेही उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग, इतके वानर गुहेत गेले आणि एक वानर फांदीवर चढलेला दिसला. येथेही रीत तीच. अंती ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक मिळून पन्नास. परंतु पाचांचा पाचवा भाग एक. त्यातून तीन कसे वजा करावे? अंकांच्या दृष्टीने उणे दोनचा वर्ग चार, अधिक एक मिळून पाच, हे बिनचूक जुळते. तरीही आचार्यांनी हे उत्तर नाकारले. प्रत्यक्ष वस्तूंच्या गणनेत ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे कारण त्यांनी दिले. समीकरण सोडविणे हे निम्मे काम. मिळालेले उत्तर मूळ प्रश्नात ठेवून ते तेथे शोभते की नाही हे पाहणे, हे उरलेले निम्मे. दोन्ही उदाहरणे एकत्र वाचली म्हणजे दुसरे उत्तर न विसरणारा आणि ते डोळे मिटून न स्वीकारणारा असा विवेकी गुरू दृष्टीसमोर उभा राहतो.

ही रीत आपली स्वतःची आहे, असा दावा भास्कराचार्यांनी केलेला नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने वर्गसमीकरणाचा नियम दिला होता. त्यानंतर श्रीधराचार्यांनी अपूर्णांकांचा त्रास टाळणारी युक्ती काढली. वर्गपदाच्या गुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे आणि मधल्या पदाच्या मूळ गुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा, ही ती युक्ती. आजच्या पाठ्यपुस्तकांतील सूत्र तिच्यातूनच सरळ निघते. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाला. तो आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी तो नियम श्रीधरांच्या नावासह आपल्या ग्रंथात उतरवून घेतला, म्हणूनच तो नियम आणि त्याच्या कर्त्याचे श्रेय ही दोन्ही वाचली. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते अतिविस्तृत असल्याने त्यांचे सार आपण घेतले, असे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी मोकळ्या मनाने नमूद केले आहे. पूर्वसूरींचे ऋण नाव घेऊन मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या बुद्धीइतकाच वंदनीय आहे.

त्यांच्या बुद्धीची झेप मात्र पूर्वसूरींच्याही पलीकडे गेली. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविल्यास पूर्ण वर्ग येईल, अशी पूर्णांक संख्या कोणती? प्रश्न दिसावयास किरकोळ. परंतु शून्य वगळता सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे असून, येणाऱ्या पूर्ण वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. चक्रवाल या रीतीने आचार्यांनी ते काही मोजक्या पायऱ्यांत काढून दाखविले. सतराव्या शतकात, इ. स. १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने याच प्रश्नाचे आव्हान युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले, तेव्हा तो तेथे नवा होता. शून्याने भागण्याविषयीचे आचार्यांचे सर्वच विचार आजच्या गणितास मान्य होणारे नाहीत. पण त्या अवघड वाटेवर त्यांनी धैर्याने पाऊल टाकले, हे विसरता येत नाही.

शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ हा आरंभशक धरून त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला. तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. पंचांगकर्त्यांचे श्रम वाचावेत, हा त्यामागील हेतू. थोर सिद्धान्तग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताने उतारवयात सामान्य गणकासाठी लेखणी उचलावी, यातही त्यांच्यातील शिक्षकच दिसतो.

त्यांच्या घराण्याची विद्या त्यांच्याबरोबर मावळली नाही. पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेऊन पंडितांचे अग्रपद दिले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. याच चांगदेवाच्या पुढाकाराने चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी एक मठ स्थापन झाला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. शके ११२८ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची या घराण्याची वंशावळ त्यात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृत. परंतु दानाचा तपशील सांगताना तो मराठीत बोलू लागतो. पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठास दिले, चालणाऱ्या घाण्यामागे पळीभर तेल दिले, असा तो तपशील आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांपैकी हा एक. गणिताचे ग्रंथ वाचले जावेत म्हणून बाजारपेठेने आणि तेल्याच्या घाण्याने उचललेला हा वाटा होय.

पुढील शतकांत आचार्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्यांची रांगच लागली. गोदावरीकाठच्या पार्थपुराचा, म्हणजे पाथरीचा सूर्यदास, कोकणातील नांदगावचा गणेश दैवज्ञ, मूळ विदर्भातील घराण्याचा कृष्ण दैवज्ञ ही त्यांतील ठळक नावे. फैजीच्या मागोमाग शाहजहानच्या काळात अताउल्ला रुश्दी याने ‘बीजगणित’ फारसीत नेले. इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही भागांचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्य जगाला भारतीय बीजगणिताची ओळख झाली. भारताने इ. स. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात पाठविलेल्या दोन उपग्रहांना ‘भास्कर’ हेच नाव देण्यात आले.

आता राहिला विज्जडविडाचा प्रश्न. फैजीने आपल्या प्रस्तावनेत भास्कराचार्यांचे नगर म्हणून दख्खनमधील बिदरचे नाव दिले. नामसाम्य त्याच्या बाजूस आहे. शिवाय फैजीच्या आधी शतकभर, इ. स. १४७२ मध्ये, महमूद गवानाने उभारलेल्या मदरशामुळे विद्येचे केंद्र म्हणून बिदरची कीर्ती झाली होती. कोणी विजापूरचे नाव घेतात. या दोन्ही मतांना अडथळा येतो तो आचार्यांच्याच शब्दांचा. त्यांनी आपले नगर सह्य पर्वताच्या आश्रयाचे म्हटले आहे, आणि बिदर काय किंवा विजापूर काय, सह्याद्रीपासून दूर आहेत. उलट पाटण सह्याद्रीच्याच एका फाट्याच्या पायथ्याशी असून, लक्ष्मीधराला जैत्रपालाने याच पुरातून नेले, असे तेथील शिलालेख सांगतो. त्यामुळे अनेक अभ्यासकांचा कौल पाटणच्या परिसराकडे झुकतो.

बिदरने याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. एका फारसी कवीच्या लेखणीने या नगराचे नाव भारताच्या थोर गणितज्ञाशी जोडले, हा मान काही लहान नव्हे. स्वतः आचार्यांनीच शिकविले आहे की, मनाला प्रिय असलेले उत्तर मूळ प्रश्नात ठेवून पाहावे आणि न जुळले तर सोडून द्यावे. पाचांचे उत्तर सोडून त्यांनी पन्नासांचे स्वीकारले, तोच न्याय त्यांच्या जन्मगावालाही लागू आहे.

जन्मभूमी कोणतीही असो, त्यांची विद्या मान्यखेटाच्या महावीराचार्यांनंतरची आणि श्रीधरांच्या हरवलेल्या ग्रंथाचा अंश जतन करणारी आहे. ती टिकली, कारण पाटणच्या मठात ती शिकविली गेली, पाथरीत आणि नांदगावात तिच्यावर टीका लिहिल्या गेल्या, पिढ्यान् पिढ्या कोणीतरी पोथी उघडली आणि तिची नक्कल केली. ज्या ग्रंथाला असा वाचक मिळाला नाही, तो श्रीधरांचा असूनही लोपला. ज्याला मिळाला, त्या ग्रंथातील वानर नऊशे वर्षांनंतरही टेकडीवरून साद घालीत आहेत आणि मुले त्यांची मोजदाद करीत आहेत.